हॉली काय म्हणाली होती

दोन डोकी एकमेकांवर आपटली की होणारा आवाज फारसा मोठा नसतो. ओल्या मैदानावर, वाऱ्यात, बावीस मुलींच्या हाकांमध्ये तो सहज हरवून जातो; काठावर उभ्या असलेल्या आईबापांपर्यंत तो पोचतही नाही. पण पाच पावलांवर उभ्या असलेल्या माणसाला तो ऐकू येतो. आखूड, कोरडा, बोथट आवाज. कुणी बंद दारावर एकदाच मूठ मारावी आणि मग विचार बदलून निघून जावं, तसा.

त्या पाच पावलांवर मी उभा होतो.

नोकरीनं मी सॉफ्टवेअरवाला. इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकच्या एका बिझनेस पार्कात आठवडाभर स्क्रीनसमोर बसणारा, मीटिंगांमध्ये कमी बोलणारा. शनिवारी सकाळी मात्र काळा टीशर्ट, काळी शॉर्ट्स आणि गळ्यात शिट्टी अशा वेशात मी रेफरी असे. हे वेड घरचंच आहे. मी नागपूरजवळच्या कामठीचा, आणि आमच्या कामठीत पोर चालायला लागलं की त्याच्या पायाशी आधी चेंडू येतो. वडील रेल्वेत कारकून होते आणि सुटीच्या दिवशी फुटबॉलच्या मैदानाच्या कडेनं लाइन्समनचा झेंडा घेऊन धावत. ते म्हणायचे, खेळणाऱ्याला जिंकायचं असतं, बघणाऱ्याला ओरडायचं असतं, मैदानावर एकच माणूस असा असतो की ज्याला काहीच नको असतं. हे वाक्य मी वर्षानुवर्षं अभिमानानं सांगत आलो. आता सांगत नाही. त्या माणसालाही काहीतरी हवं असतंच. सामना सुरळीत पार पडावा, त्याला रंग चढावा, आणि निघताना दोन्ही बाजूंनी त्याच्या पाठीवर थाप मारून ‘वेल रेफ्ड’ म्हणावं, एवढी तृष्णा त्याच्याही मनात असते. आणि तृष्णा लहान असली म्हणून ती निरुपद्रवी असते, असं कुणी सांगितलं?

इथे कॉलेज म्हणजे आपली अकरावी-बारावी. सोळा ते अठरा वयाची मुलं. त्यांच्या फुटबॉलला एरवी कोण विचारतो? चाळीसेक माणसं, चार कुत्री, फ्लास्कमधला चहा, हातमोजे घातलेल्या टाळ्यांचा तो मऊ, अर्धवट नाद. पण सामना संपला की त्याचा दुसरा जन्म सुरू होतो. कॉलेजचं पान, टीमचा ग्रुप, पालकांचा ग्रुप, गावचं ऑनलाइन वर्तमानपत्र. शनिवारी दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत त्या नव्वद मिनिटांवर कौतुक, निंदा, थट्टा आणि शहाणपण यांचे थर चढत जातात. सामना दीड तासात संपतो, त्याच्याविषयीचं बोलणं संपत नाही. आणि बोलणं पुरेसं झालं की जे घडलं ते तळाशी जातं आणि जे बोललं गेलं तेच वर तरंगत राहतं. हे मला आधी ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. पण त्या तळाशी गेलेल्या गोष्टीचा एकमेव साक्षीदार असणं काय असतं, ते त्या नोव्हेंबरात कळलं.

नोव्हेंबरातलं इथलं ऊन फार विलक्षण असतं. भर दुपारीही ते तिरकं येतं, प्रत्येक माणसाला त्याच्या दुप्पट लांबीची सावली देतं, आणि ऊब मात्र अजिबात देत नाही. त्या शनिवारी तसंच ऊन होतं. मुलींचा सामना, दोन-दोन गोल, चौऱ्याऐंशीवं मिनिट. यजमान कॉलेजची कप्तान हॉली नावाची एक सतरा वर्षांची मुलगी होती. मी तिचे आधी तीन-चार सामने घेतले होते. घट्ट वेणी, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि निर्णय विरुद्ध गेला तरी ‘थँक्स, रेफ’ म्हणायची सवय. कॉर्नर आला. हॉली आणि समोरच्या टीमची एक बचाव खेळाडू एकदमच उडाल्या, चेंडू दोघींच्या वरून गेला, आणि मी तो आवाज ऐकला.

शिट्टी फुंकून मी धावलो. समोरची मुलगी कपाळ धरून उठली. तिच्या कोचनं काही न विचारता तिला बाहेर घेतलं आणि बदली खेळाडू पाठवली. हॉली बसून होती. तिचा कोच ग्रेग बर्फाची पिशवी घेऊन आला. ग्रेग त्याच कॉलेजात भूगोल शिकवतो, मनानं चांगला माणूस आहे, हे मी आजही म्हणतो. तो गुडघ्यावर बसला, तिच्या डोळ्यांसमोर बोट नाचवलं.

“ओके ना, हॉल?”

तिनं मान हलवली. होकारार्थी होती की नुसतीच हलली, मला सांगता येणार नाही. ग्रेगनं तिला उभं केलं, माझ्याकडे पाहून अंगठा दाखवला आणि काठाकडे पळत गेला. मी तिच्याजवळ गेलो. विचारणं माझं काम होतं.

“हॉली, बरं वाटतंय?”

ती माझ्याकडे बघत होती, पण तिची नजर माझ्या मागे कुठेतरी ठरलेली होती. अगदी हळू, एखाद्या लहान मुलीनं दुकानात अनोळखी बाईला विचारावं तसं, तिनं विचारलं, “रेफ, आम्ही कुठल्या बाजूला खेळतोय?”

मी हसलो. मला ती गंमत वाटली. हात लांब करून मी पलीकडचा गोल दाखवला, आणि ती आज्ञाधारकपणे त्या दिशेनं धावत गेली.

दर दोन वर्षांनी आम्हाला डोक्याच्या दुखापतीवरचा एक ऑनलाइन कोर्स करावा लागतो. त्यात हाच प्रश्न असतो: खेळाडूला दिशा कळत नसेल, स्कोअर आठवत नसेल, तर काय करावं? उत्तर एकच, आणि तेही सोपं. बाहेर काढावं, त्या दिवशी पुन्हा खेळू देऊ नये. मी दर वेळी त्या उत्तरावर बरोबर टिक केली आहे. ज्ञान मेंदूत असणं आणि वेळेवर ते हातात उतरणं, यांच्यामध्ये किती अंतर असतं? त्या दिवशी ते माझ्या एका हसण्याएवढं होतं.

सहा मिनिटांनी, शेवटच्या क्षणी, डावीकडून क्रॉस आला आणि हॉलीनं तो डोक्यानं मारला. गोल. मी दाखवलेल्या गोलात. मैत्रिणी तिच्यावर कोसळल्या, मी शेवटची शिट्टी वाजवली, ग्रेगनं माझा हात दोन्ही हातांत घेतला. “वेल रेफ्ड,” तो म्हणाला.

घरी आलो, आंघोळ केली, वरण-भात खाल्ला आणि लॅपटॉप उघडून सामन्याचा रिपोर्ट भरला. डोक्याला मार लागला की एक वेगळा रकाना भरायचा असतो. त्यात मी सवयीनं लिहिलं: कोचनं तपासलं, खेळाडूनं आपण ठीक असल्याचं सांगितलं, खेळ पुढे चालू. सवयीनं. अशी वाक्यं आपल्या बोटांमध्येच राहतात, त्यांना मनापर्यंत जावं लागत नाही.

दुपारी कॉलेजच्या पानावर त्या गोलचा व्हिडिओ आला. वर ग्रेगचं वाक्य: मी तिला बाहेर काढायला निघालो होतो, पण ती ऐकेल तर शपथ. खाली शंभरेक प्रतिक्रिया. वाघीण. अशी कप्तान हवी. आजकालची मुलं नाजूक असतात कोण म्हणतं. मीही एक अंगठा दिला. त्या वेळी हॉली ऑपरेशन टेबलवर होती, हे त्या पानावर कुणालाच माहीत नव्हतं. सामन्यानंतर अर्ध्या तासानं, बाकी सगळे निघून गेल्यावर, ती चेंजिंग रूममध्ये बूट काढता काढता कोसळली होती. कवटीच्या आत रक्त साचलं होतं.

मला कळलं ते रविवारी. महिन्यातून एकदा आमची काही मंडळी एका कम्युनिटी हॉलमध्ये वंदनेला जमतात. कुणी नागपूरचे, कुणी पुण्याचे, कुणी ब्रिस्टलहून गाडी काढून आलेले. पंचशील म्हणताना खिशातला फोन सारखा थरथरत होता. चौथं शील, खोटं न बोलण्याचं, मी सगळ्यांबरोबर म्हटलं. लहानपणापासून म्हणत आलोय. शब्द आपोआप येतात. मग बाहेर पार्किंगमध्ये जाऊन मेसेज वाचले आणि गाडीला टेकून उभा राहिलो. पानावरचा व्हिडिओ काढून टाकलेला होता. आदल्या दिवशी वाघीण म्हणणारीच माणसं आता विचारत होती, हिला खेळू दिलं कुणी?

त्या दुपारी ग्रेगचा फोन आला. तो रडत होता. मग म्हणाला, “मिलिंद, तुझा रिपोर्ट मी वाचला. तिनं बरी आहे म्हणून सांगितलं, असं तू लिहिलंयस. तेच खरं आहे ना? तिलाच खेळायचं होतं.”

“तू तिला बाहेर काढायला निघाला होतास का?” मी विचारलं.

“ते मी गोलनंतर बोललो रे. आनंदात बोललो. मला काय माहीत.” आणि मग, “तिला विचारलं असतं तर तिनं हेच सांगितलं असतं. तू ओळखतोस तिला.”

मी ‘हो’ म्हणालो नाही. ‘नाही’ही म्हणालो नाही.

सोमवारी कॉलेजनं निवेदन काढलं. खेळाडूनं खेळत राहण्याची इच्छा व्यक्त केली होती. कोच आणि रेफरी दोघांच्याही नोंदी तसंच सांगतात. माझी नोंद. अशा तऱ्हेनं आनंदाच्या भरात जन्मलेलं एक वाक्य आणि सवयीनं लिहिलेलं दुसरं वाक्य एकमेकांना टेकून उभी राहिली, आणि त्यांची भिंत झाली. त्यात दुष्टपणा कुणाचाच नव्हता. कदाचित म्हणूनच ती इतकी भक्कम वाटत होती.

मी मायाला, माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली.

“ती असं म्हणाली, हे अजून कुणी ऐकलं?” तिनं विचारलं.

“कुणी नाही.”

“आणि तिला आठवतंय?”

“तिला त्या दिवसाचं काहीच आठवत नाही म्हणे.”

मायानं पुढची काडी उचलली. “मिलिंद, तू बोललास की सगळे सुटतील आणि तू एकटा उरशील. आपण इथले नाही. नाव उच्चारता येत नाही असा माणूस सापडला, तर लोकांना बरंच वाटेल.” मग हातातली काडी टाकून म्हणाली, “हे मी तुला गप्प बस म्हणून सांगत नाहीये. काय होईल ते सांगतेय.”

मी गप्प बसलो. तीन आठवडे. फुटबॉल संघटनेनं नेमलेल्या चौकशी समितीनं ईमेल पाठवला, तेव्हा आधीच्या रिपोर्टात बदल नाही, असं कळवलं. रोज कामावर गेलो, जेवलो, झोपलोही. पापाचं ओझं माणसाला वाकवतं असं आपण म्हणतो. खरं तर माणूस त्या ओझ्यासकट फार व्यवस्थित चालू शकतो. गावच्या ऑनलाइन वर्तमानपत्रात हॉलीच्या आईची, लिंडाची, छोटी मुलाखत आली. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करते. ती म्हणाली होती, माझी मुलगी हट्टी आहे, लहानपणापासून कुणाचं ऐकत नाही. खाली कुणीतरी लिहिलं होतं: दुःख आहे, पण शेवटी निर्णय तिचाच होता. त्यालाही लोकांनी अंगठे दिले होते.

मग हॉली घरी आली, आणि एका संध्याकाळी टीमच्या पानावर तिच्या नावानं चार ओळी आल्या. शब्द मोडकेतोडके होते, दोन ठिकाणी एकच शब्द दोनदा आला होता. सगळ्यांना सॉरी. माझ्यामुळे टीमचे सामने बंद पडले, ग्रेग सरांना त्रास झाला, रेफला त्रास झाला. मी बाहेर यायला हवं होतं. मी ऐकायला हवं होतं.

मी त्या ओळी स्वयंपाकघरात उभ्यानं वाचल्या, आणि फोन मायाच्या हातात दिला. तिनं वाचून तो ओट्यावर पालथा ठेवला. “आता लिही,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रजा काढून मी समितीला नवं निवेदन पाठवलं. हॉलीचं वाक्य, माझं हसणं, माझा लांब केलेला हात, सगळं. आधीची नोंद खोटी होती, आणि विचारल्यावरही मी ती बदलली नाही, हेही. मायानं सांगितलं होतं तसंच पुढे घडलं. मला निलंबित केलं गेलं, ते योग्यच होतं. कॉलेजच्या नव्या निवेदनात ‘सामना अधिकाऱ्याची गंभीर चूक’ असे शब्द आले आणि ग्रेगचं नाव कुठेच आलं नाही. पुढच्या शनिवारपासून तो पुन्हा काठावर उभा होता. माझ्याविषयी जे लिहिलं गेलं त्यातलं निम्मं माझ्या चुकीविषयी होतं आणि निम्मं माझ्या कातडीविषयी. पहिलं निम्मं मी वाचलं. दुसरं माया वाचत असे आणि मला न सांगता बंद करत असे. ग्रेगचा एकदा मेसेज आला. त्यात फक्त ‘सॉरी’ होतं. कशाबद्दल, ते लिहिलेलं नव्हतं.

पण जिला हे सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, तिला ते समितीच्या कागदातून कळावं, हे मनाला पटेना. मी लिंडाला पत्र लिहिलं. चार दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: रविवारी तीनला या.

लिंडानं दार उघडलं आणि ती बाजूला झाली. बैठकीच्या खोलीचे पडदे अर्धे ओढलेले होते. हॉलीला उजेड सोसत नाही. डोक्यावर लोकरी टोपी, मांडीवर पांघरूण, आणि उजव्या हातानं ती डाव्या हाताची बोटं एकेक करून चोळत होती. फिजिओथेरपी शिकायला जायचं तिचं ठरलं होतं, असं मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. तिनं मला ओळखलं नाही.

“हे रेफरी,” लिंडा म्हणाली. “सकाळी सांगितलं होतं तुला.”

मी खुर्चीच्या कडेवर बसून सगळं सांगितलं. क्रमानं, सावकाश, काहीही न गाळता. सांगायला पाच मिनिटं लागली असतील.

हॉली बराच वेळ बोटं चोळत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे मी बरी आहे, असं म्हणालेच नाही?”

“नाही.”

“बाहेर यायला नको म्हणाले?”

“बाहेर येतेस का, असं तुला कुणी विचारलंच नाही.”

लिंडा खिडकीपाशी पाठ करून उभी होती. “शुद्धीवर आल्यावर मी तिला पहिला प्रश्न हाच विचारला,” ती काचेकडे बघत म्हणाली. “का नाही ऐकलंस म्हणून. रोज विचारते. ती रोज सॉरी म्हणते.”

मग हॉलीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं तिला.

“मग तुम्ही का नाही थांबवलं?”

रस्ताभर मी या प्रश्नाची तयारी करत आलो होतो. तयार केलेलं उत्तर त्या खोलीत बोलवेना.

“मला वाटलं, तू गंमत करतेस,” मी म्हणालो. “तसं वाटणं मला सोयीचं होतं. सामना छान चालला होता. मला तो थांबवायचा नव्हता.”

तिनं हे ऐकून घेतलं. ‘असू दे’ म्हणाली नाही, आणि मी तशी अपेक्षा धरली नव्हती. शेजारच्या उशीखालून तिनं एक जाड वही काढली. पान शोधायला तिला वेळ लागला.

“मला संध्याकाळपर्यंत आठवणार नाही,” ती म्हणाली. “तुम्ही लिहा.”

“मी लिहून देते ना,” लिंडा पुढे झाली.

“तू नको. तू लिहिलंस तर मला वाटेल, मला बरं वाटावं म्हणून लिहिलंयस.”

मी लिहिलं. सुट्या, ठळक अक्षरांत, जेणेकरून तिला वाचताना त्रास होऊ नये. तिनं काय विचारलं, मी काय केलं, काय करायला हवं होतं. तिनं ओळीखाली बोट ठेवून ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि वही माझ्याकडे सरकवली. “खाली सही.”

मी सही केली. माझं नाव तिनं तीनदा विचारलं.

बाहेर आलो तेव्हा अंधारायला लागलं होतं. लिंडा फाटकापर्यंत आली. मी गाडीत बसेपर्यंत तिथे उभी राहिली आणि मग आत गेली. त्या शनिवारविषयी जे लिहिलं गेलं त्यातलं बरंचसं अजून जिथे होतं तिथेच आहे. कुणी शोधायला गेलं तर त्याला तिथे एक शूर, हट्टी मुलगी सापडेल, जी कुणाचंच ऐकत नव्हती. मला भेटलेली मुलगी तशी नव्हती. ती हरवली होती, तिला ते कळलं होतं, आणि तिनं वाट विचारली होती. मैदानावरच्या सगळ्या माणसांतून नेमक्या त्याच माणसाला, ज्याच्या हातात खेळ थांबवणं होतं.